चार तळहातांएवढी जागा : टायर निवडण्यामागचे विज्ञान

घर्षणाचा धडा शिकवून झाला की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, तर मग शर्यतीच्या गाड्यांचे टायर एवढे रुंद का असतात?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण पाठ्यपुस्तकातून थेट टायरच्या दुकानात पोहोचतो. तिथे तर प्रश्नांची रांगच लागलेली असते. गाडीचे पहिले टायर झिजले, आता कोणते घ्यावेत? जास्त किलोमीटर चालणारे, की ओल्या रस्त्यावर घट्ट पकड देणारे, की पेट्रोल वाचवणारे? रुंद बसवावेत का? दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरेच सांगतात.

गाडी साधी असो वा वेगवान, प्रश्न तेच असतात. वेगवान गाडीत चुकीची किंमत मात्र जास्त. म्हणून आपण एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या गाड्या कुटुंबासाठीच्या असल्या, तरी त्यांचे दीड लिटरचे इंजिन १५० अश्वशक्तीचे आहे. या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत २०५/५५ आर १६ या मापाचे टायर येतात. हेच माप डोळ्यांसमोर ठेवून पुढे जाऊ.

टायरवरची बाराखडी

टायरच्या बाजूवर (म्हणजे साइडवॉलवर) कोरलेली अक्षरे वाचता आली, तर निम्मे काम झाले. २०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ ही टक्केवारी आहे : बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिमी. 'आर' म्हणजे रेडियल. आतले धागे चाकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने गेलेले असतात. १६ हा रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तीन तऱ्हांचा संसार आहे, पण तो जगभर असाच चालतो.

आता टायरचा एकूण व्यास काढू. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. त्यात वरची आणि खालची भिंत मिळून २२५.५ मिमी मिळवा. बेरीज झाली ६३१.९ मिमी. परीघ जवळजवळ १.९८५ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ५०४ फेरे घेते. हा आकडा महत्त्वाचा, कारण गाडीचा वेगदर्शक चाकाच्या फेऱ्या मोजूनच वेग सांगतो. कोणी २१५/६० आर १६ टायर बसवला, तर व्यास ६६४.४ मिमी होतो, म्हणजे ५ टक्क्यांनी मोठा. मग काटा १०० वर असताना गाडी, पूर्वीच्या तुलनेत, १०५ च्या वेगाने पळत असते. उलट २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४.३ मिमी येतो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. रिम मोठी घ्यायची असेल तर भिंत बुटकी करावी लागते, हे यातून कळते. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित सहज जमते आणि आवडतेही.

मापापुढे '९१ व्ही' असे काही असते. ९१ हा भार-निर्देशांक. तो किलोग्रॅममधला आकडा नव्हे, तक्त्यात पाहायचा क्रमांक आहे; ९१ म्हणजे ६१५ किलो. 'व्ही' हे वेगाचे अक्षर : २४० किमी प्रतितास. 'एच' म्हणजे २१०, 'टी' म्हणजे १९०. समृद्धी महामार्गावरसुद्धा गाड्यांना वेगमर्यादा १२० ची असताना २४० चा टायर कशाला, असे वाटेल. पण हे अक्षर खरे तर टायर किती उष्णता सहन करील याची साक्ष देते. भर उन्हात, भरलेल्या गाडीत, तासन्‌तास धावताना हीच शिल्लक ताकद उपयोगी पडते. त्यामुळे दोन नियम पक्के धरावेत : भार-निर्देशांक आणि वेगाचे अक्षर कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचे कधीही घेऊ नये.

'डीओटी' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. दुकानात हे आकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आयएसआय चिन्हही तपासावे. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरांना ते सक्तीचे आहे.

गाडी नेमकी कशावर उभी असते?

माणसांसह गाडीचे वजन १,६०० किलो धरू. प्रत्येक चाकावर सरासरी ४०० किलो. टायरमध्ये हवा ३२ पौंड, म्हणजे प्रत्येक चौरस इंचाला ३२ पौंड दाब. दशमान पद्धतीत सुमारे २.२५ किलो प्रति चौरस सेंमी. भाराला दाबाने भागले की रस्त्याला टेकलेले क्षेत्रफळ मिळते : जवळपास १७८ चौरस सेंमी. साधारण एका मोठ्या तळहाताएवढे! (टायरची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळे हा अंदाज ढोबळ आहे.) चारही मिळून ए-४ कागदापेक्षा किंचित मोठी जागा. वळणे, ब्रेक, चढण, सारे काही एवढ्याशा जागेवर अवलंबून असते.

इथेच रुंद टायरचे कोडे उलगडू लागते. भार तोच, हवेचा दाब तोच, तर क्षेत्रफळही जवळपास तेच राहते. रुंद टायरमुळे टेकलेल्या जागेचा आकार बदलतो. ती आडवी रुंद आणि लांबीला आखूड होते. वळणावर त्याचा फायदा मिळतो. दुसरी गोष्ट, आपला घर्षणाचा नियम लाकूड-लोखंडासारख्या कठीण वस्तूंना बराचसा लागू पडतो, रबराला नाही. रबर दगडी खडीच्या उंचसखल पृष्ठभागात शिरते, तिला बिलगते. रबरावरचा दाब जितका कमी, तितका त्याचा घर्षणांक थोडा जास्त मिळतो. म्हणून शर्यतीच्या गाडीचे टायर रुंद असतात आणि त्यांत हवा कमी दाबाची असते. त्या विद्यार्थ्याला सांगावे, "नियम चुकीचा नाही, रबर त्या नियमाच्या हद्दीबाहेरचे आहे."

पकड म्हणजे ऊर्जेचा व्यय

रबराचा एक चेंडू एक मीटर उंचीवरून टाका. तो ६० सेंमी उसळला, तर ६० टक्के ऊर्जा परत मिळाली आणि ४० टक्के रबराच्या आत उष्णता होऊन गेली. रबर दाबताना जेवढी ऊर्जा घेते, तेवढी सोडताना परत देत नाही. या गुणाला शैथिल्य म्हणतात. टायरचे सारे राजकारण या एका शब्दाभोवती फिरते.

रस्त्यावर टायर किंचित घसरत असतो, तेव्हा खडीचे बारीक टोक रबरात घुसते आणि पुढे सरकते. शैथिल्य जास्त असलेले रबर टोकामागे लगेच पूर्ववत होत नाही. त्यामुळे टोकाच्या पुढच्या बाजूला जास्त दाब राहतो आणि गाडीला विरोध मिळतो. हीच पकड. कोरड्या रस्त्यावर रबर आणि दगड यांच्या रेणूंमधील आकर्षणाचीही मदत असते. पाण्याचा थर आला की ती बरीच कमी होते आणि शैथिल्याचाच आधार उरतो. म्हणजे ओल्या रस्त्यावर चांगली पकड हवी, तर ऊर्जा वाया घालवणारे रबर हवे.

पण चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग खाली येऊन चपटा होतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. दर फेऱ्याला थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. हा लोटन-रोध. त्याचा गुणांक ०.०१० धरला, तर १,६०० किलोच्या गाडीला सुमारे १५७ न्यूटन बल सतत मागे ओढत असते. १०० किमी वेगाला नुसते यावर मात करण्यासाठी जवळपास ४.४ किलोवॉट शक्ती लागते. गुणांक ०.००८ वर आणला तर ती ३.५ किलोवॉटवर येते. म्हणजे पेट्रोल वाचवायचे, तर ऊर्जा वाया न घालवणारे रबर हवे!

या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. तिसरी मागणी टिकाऊपणाची. मऊ रबर खडीला बिलगते, पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते, पण बिलगत नाही. पकड, इंधन आणि आयुष्य या त्रिकोणात एक कोपरा ओढला की दुसरा सैल पडतो.

मग तंत्रज्ञांनी काय केले? त्यांनी वारंवारतेचा आधार घेतला. १०० किमी वेगाला चाक सेकंदाला १४ फेरे घेते. म्हणजे लोटन-रोधाला कारणीभूत होणारी दाब-सोड सेकंदाला १४ वेळा होते. याउलट खडीच्या बारीक टोकांमुळे होणारी दाब-सोड सेकंदाला हजारो ते लाखो वेळा होते. दोन्ही ठिकाणी रबर एकच, पण त्याचे वागणे वारंवारतेनुसार बदलते. मग मंद दाबांना कमी शैथिल्य आणि जलद दाबांना जास्त शैथिल्य दाखवणारे रबर बनवता आले तर? फार पूर्वीपासून रबराला बळकटी देण्यासाठी त्यात काजळी मिसळत. टायरचा काळा रंग तिचाच. १९९२ साली मिशेलिन कंपनीने काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका, म्हणजे वाळूचेच अतिसूक्ष्म रूप, वापरलेले टायर बाजारात आणले. सिलिका रबराशी सहजासहजी जुळत नाही. ती जोडण्यासाठी सिलेन नावाची संयुगे लागतात. पण एकदा जुळली की नेमके हवे ते घडते : लोटन-रोध कमी होतो आणि ओल्या रस्त्यावरची पकड टिकून राहते. आज कारच्या बहुतेक चांगल्या टायरांत सिलिका असते. त्रिकोण मोडला नाही, पण मोठा झाला. चांगल्या टायरला जास्त पैसे का पडतात, त्याचे एक उत्तर इथे आहे.

दहा मीटरांचा हिशेब

पकडीतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. तो रस्त्यावर किती होतो पाहू. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण). वेग ताशी ८० किमी, म्हणजे २२.२ मीटर प्रतिसेकंद. उदाहरणादाखल ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक ०.८ आणि दुसऱ्याचा ०.६ धरू. पहिली गाडी ३१.५ मीटरवर थांबते, दुसरी ४२ मीटरवर. फरक साडेदहा मीटरांचा. पण खरी धक्कादायक गोष्ट पुढे आहे : पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी गाडी किती वेगाने पुढे जात असेल? सूत्रात आकडे घालून पहा. उत्तर येते ताशी ४० किमी! समोर एखादे मूल असेल, तर हा फरक घाबरून जाण्याचा आणि जिवावर बेतण्याचा आहे.

पावसात आणखी एक धोका असतो. २०५ मिमी रुंदीचा टायर, रस्त्यावर ३ मिमी पाणी आणि ८० किमी वेग असेल, तर प्रत्येक पुढच्या टायरला सेकंदाला १३ ते १४ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ एक बादली! टायरवरची नक्षी, तिच्यातल्या खाचा यासाठीच असतात. कोरड्या रस्त्यावर नक्षी नसली तरी चालते. शर्यतीचे कोरड्यातले टायर तर गुळगुळीतच असतात. पाणी सारायला वेळ पुरला नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी होतात. १९६३ साली अमेरिकेतील नासा संस्थेच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून एक सोपे सूत्र मांडले : तरंगण्याचा वेग (किमी प्रतितास) = १६.७ × हवेच्या दाबाचे वर्गमूळ (दाब पौंडांत). ३२ पौंडाला ९४ किमी येतात, २५ पौंडाला ८३. मोटारीसाठी हे ढोबळच, कारण नक्षी आणि रुंदी यांचाही परिणाम होतो. पण दोन धडे पक्के मिळतात : हवा कमी असेल तर गाडी कमी वेगालाच तरंगते, आणि रुंद टायरला जास्त पाणी सारावे लागत असल्याने पावसात तो तोट्याचा ठरू शकतो.

नवीन टायरची खाच सुमारे ८ मिमी खोल असते. कायद्याने कारसाठी किमान १.६ मिमी हवी. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. बाजूला 'टीडब्ल्यूआय' अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत हे उंचवटे सापडतात. कोकणात किंवा घाटात पावसाळाभर जाणाऱ्याने या शेवटच्या रेषेची वाट पाहू नये. ३ मिमी उरले की जूनच्या आधी टायर बदलावेत.

उन्हाळ्यातला गैरसमज

"उन्हाळ्यात हवा दोन-चार पौंड कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही" हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो उलटा आणि धोक्याचा आहे. सकाळी २० अंश तापमानाला ३२ पौंड हवा भरली आणि धावून टायर ५० अंशांवर गेला, तर वायूच्या नियमाने दाब किती होईल? वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळवायला विसरू नका : ४६.७ × ३२३ ÷ २९३ = ५१.५, त्यातून १४.७ वजा करून ३६.८. पाच पौंडांची ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेली असते. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेमुळे. हवा कमी म्हणजे भिंत जास्त वाकते, जास्त वाकली की शैथिल्यामुळे जास्त तापते, तापलेल्या रबराची आणि धाग्यांची जोड सुटते. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना ही उष्णता साठत जाते. म्हणून हवा टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरावी. गरम टायरमधून हवा सोडू नये.

नायट्रोजनबद्दलही विचारणा होते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच आणि वायूचा नियम दोघांना सारखा लागू आहे. नायट्रोजन थोडा कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो, इतकेच. महिन्यातून एकदा हवा तपासणे त्याहून मोलाचे.

मग घ्यावे काय?

पहिला प्रश्न : गाडी वर्षाला किती चालते? ८ हजार किमी चालत असेल, तर ६० हजार किमी टिकणारा कठीण टायर संपायला साडेसात वर्षे लागतील. तोपर्यंत ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर कडक होऊन चिरा पडू लागलेल्या असतील. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत. दहा वर्षे ही अनेक उत्पादकांनी सांगितलेली कमाल मर्यादा आहे, मग नक्षी कितीही शिल्लक असो. अशा कुटुंबाने ४० हजार किमी टिकणारा, पण ओल्यात घट्ट धरणारा टायर घ्यावा. न वापरल्या जाणाऱ्या आयुष्यासाठी पकड गमावण्यात शहाणपणा नाही. वर्षाला २५ हजार किमी फिरणाऱ्याला टिकाऊपणा आणि कमी लोटन-रोध यांचा विचार करावा लागतो, पण ओल्या पकडीत तडजोड न करता.

काही टायरांवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असतो. ४०० चा टायर २०० च्या दुप्पट टिकावा असा त्याचा अर्थ. पण ही अमेरिकी पद्धत असून आकडा उत्पादक स्वतः देतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो ठीक, दोन कंपन्यांची करायला नव्हे. त्याच्याबरोबरचे 'ट्रॅक्शन' अक्षर ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगचे आहे. 'एए' सर्वोत्तम, मग 'ए', 'बी', 'सी'. वळणावरची पकड त्यात मोजलेली नसते.

दुसरा प्रश्न : रस्ता कसा? खड्डे नेहमीचे असतील तर १७ इंची रिमचा मोह टाळावा. २२५/४५ ची भिंत १०१ मिमीच असते, मूळ मापापेक्षा साडेअकरा मिमी कमी. रिम वाकण्याचा आणि भिंतीला फुगा येण्याचा धोका वाढतो. बर्फाळ प्रदेशांसाठी बनवलेल्या टायरचीही आपल्याला गरज नाही. ते ७ अंशांखालीसुद्धा मऊ राहावेत अशा बेताने बनवलेले असतात. आपल्या चाळीस अंशांत ते लवकर झिजतात.

तिसरा प्रश्न : चारही एकदम बदलायचे का? शक्यतो होय. दोनच परवडत असतील तर नवे मागे बसवावेत. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, म्हणून नवे पुढे हवेत, असे अनेकांना वाटते. पण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते. ते सावरणे सराईतालाही कठीण जाते.

वर्गात करून पहा

१) सायकलच्या मागच्या चाकाला खडूची पूड लावा. एका मुलाला बसवून चाक कागदावर टेकवा आणि उचला. उमटलेला ठसा चौकटीच्या कागदावर मोजा. हवा कमी करून पुन्हा करा. भार ÷ क्षेत्रफळ हे हवेच्या दाबाशी कितपत जुळते?

२) भरीव रबरी चेंडू आणि सुपरबॉल एकाच उंचीवरून टाकून उसळी मोजा. मग चेंडू तासभर बर्फात ठेवून पुन्हा मोजा. थंडीत टायरचे काय होत असेल, ते मुलांना सांगता येईल का?

३) सहलीची बस शाळेच्या दारात उभी राहिली की मुलांकडून टायर तपासून घ्या : तारखेचे चार आकडे, आडवे उंचवटे, भिंतीवरच्या चिरा. हे काम पाच मिनिटांचे आहे. एखादा टायर नापास झाला, तर बस बदलून मागण्याचा अधिकार शाळेला आहे, आणि तो का वापरायचा, हे आता मुलेच आकड्यांनिशी समजावून सांगतील.